गॅदरिंग नक्की कुणाचं?

गेल्या आठवड्यात एक तरुण शिक्षिका घरी आली होती. एके काळी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, आता बोईसरातल्याच एका शाळेत शिकवते. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग तिनं पर्समधून एक पत्र काढलं. "बाई, यंदाच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुण्या म्हणून तुम्हीच यायचं. नाही म्हणायचं नाही."

मी लगेच हो म्हटलं नाही. "बघते, कळवते," म्हटलं. तिला वाटलं, बाईंचे गुडघे दुखत असतील. गुडघे दुखतात हे खरं, पण कारण ते नव्हतं. प्रमुख पाहुणा या शब्दाचीच मला जरा भीती बसली आहे. ती का, ते सांगायचं तर आधी टोकियोला जावं लागेल आणि मग परत बोईसरला यावं लागेल. जरा लांबचा फेरा आहे, पण माझ्याबरोबर चला.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे टोकियोला गेलो होतो. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो राहतो त्या भागाचं नाव निशी-कासाई, एडोगावा वॉर्डात येतं. २००० सालच्या सुमारास कॉम्प्युटरच्या कामासाठी तिकडे गेलेली भारतीय मंडळी या भागात राहू लागली आणि वाढत गेली. संध्याकाळी बागेत गेलं की हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मधूनच "अरे थांब, पडशील!" असं खणखणीत मराठी ऐकू यायचं. जवळपास भारतीय मुलांसाठी इंग्रजी शाळाही आहेत. पण मुलानं आणि सुनेनं नातवाला तिथल्या सरकारी शाळेत घातलं होतं. आपल्याकडे नगरपालिकेची शाळा असते तशी. मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं. मराठी माध्यमात चौतीस वर्षं शिकवलेली बाई मी, पण नातवाच्या बाबतीत मलाही इंग्रजीच सुचलं होतं. माणूस असा असतो बघा!

नातू तेव्हा तिसरीत होता. आम्ही गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शाळेचा "उन्दोकाई" होता. उन्दोकाई म्हणजे क्रीडादिन, पण या शब्दानं त्याची कल्पना येत नाही. आपलं गॅदरिंग, क्रीडास्पर्धा आणि गावची जत्रा अशी तिन्ही एकत्र केली तर जवळपास जाईल. शनिवार होता. मुलगा पहाटे उठून शाळेच्या फाटकापाशी रांगेत जाऊन उभा राहिला. कशाला, तर मैदानात प्लास्टिकची चटई अंथरून जागा धरायला. एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात, तसंच! मला हसूच आलं. म्हटलं, चला, काहीतरी ओळखीचं दिसलं.

आम्ही पोचलो तेव्हा मुलं वर्गातून बाहेर येत होती आणि प्रत्येकानं आपली खुर्ची आपण उचलून आणली होती. पहिलीतली चिमुरडीसुद्धा दोन्ही हातांनी खुर्ची पोटाशी धरून चालली होती. मांडववाला नाही, शिपाई नाही. डोक्यावर एकाच प्रकारची टोपी, एका बाजूनं लाल, उलटी केली की पांढरी. अख्ख्या शाळेचे दोनच संघ, लाल आणि पांढरा. पहिलीतलं पोर आणि सहावीतला दांडगा मुलगा एकाच संघात. त्यामुळे सहावीचा मुलगा पहिलीच्या पोरासाठी घसा फोडून ओरडत होता. आपल्याकडे पहिलीचं पोर सहावीवाल्याला ओळखतं ते मार खाल्ल्यामुळे.

माइकवर कोण? पाचवी-सहावीची दोन मुलं. पुढचा कार्यक्रम कोणता, कोण पुढे आहे, कुणी कुठे उभं राहायचं, सगळं तीच सांगत होती. शर्यतीच्या शेवटी दोरी धरायला मुलं, क्रमांक लावायला मुलं, खेळाचं सामान आणायला-न्यायला मुलं. शिक्षक होते, पण शिट्ट्या गळ्यात अडकवून कडेकडेनं. मुख्याध्यापकांचं भाषण झालं. मी घड्याळ लावलं होतं (शिक्षकाची खोड, दुसरं काय!). चार मिनिटांच्या आत संपलं. निमंत्रित पाहुणेही आले होते. एका बाजूच्या तंबूत बसले होते. हार नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबला नव्हता, ते कार्यक्रमाला आले होते. एवढा साधा फरक, पण तो बघायला मला सहा हजार किलोमीटर जावं लागलं.

पहिलीच्या मुलांचा चेंडूफेकीचा खेळ होता. उंच काठीला टोपली बांधलेली, त्यात आपल्या रंगाचे चेंडू टाकायचे. वेळ संपली की टोपलीतला एकेक चेंडू बाहेर फेकत मोजायचं आणि सगळं मैदान एका सुरात मोजतं, इची, नी, सान... मीही मोजायला लागले. दहापर्यंत जपानी अंक मला तिथेच पाठ झाले. पाढे असे शिकवायला हवे होते, असं वाटून गेलं.

मग नातवाच्या वर्गाचा नाच आला. "सोरान बुशी" हे होक्काइदो बेटावरच्या कोळ्यांचं गाणं. हेरिंग नावाच्या माशाच्या मोसमात जाळी ओढताना म्हणायचं. १९९० च्या दशकात होक्काइदोतल्या वाक्कानाई गावच्या एका शाळेनं त्यावर जोरकस नाच बसवला आणि तो देशभरच्या शाळांत पसरला. मुलांनी निळे आखूड डगले घातले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक चित्रलिपीतलं अक्षर, ज्याचं त्यानं निवडून स्वतः रंगवलेलं. आमच्या चिरंजीवांच्या पाठीवर "समुद्र" होता. मी विचारलं, समुद्रच का रे? तर म्हणाला, "आजी, चिंचणीला आपण जातो ना, तो."

त्या रात्री जेवताना त्यानं तो नाच आम्हाला समजावून सांगितला. "हे बघ आजी, हे जाळं ओढायचं. इथे कंबर खाली गेली पाहिजे, कारण जाळं जड असतं. हे वल्हं. आणि हे मासे खांद्यावर घेऊन चाललेत." टोकियोतल्या काँक्रीटच्या चौथ्या मजल्यावर वाढलेला मुलगा, होक्काइदो त्यानं पाहिलेलंही नाही. पण हात असा का फिरतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बाईंनी ते आधी सांगितलं होतं आणि मग नाच बसवला होता.

त्याची आई कौतुकानं हसत होती. मला मात्र घास गिळेना. मला एकदम १९८७ सालचं आमचं गॅदरिंग आठवलं.

आता बोईसरला येऊ.

मी मूळची वाईची. १९७४ साली लग्न होऊन बोईसरला आले. ह्यांची नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालं होतं, कारखाने उभे राहत होते, नोकरीसाठी सगळीकडून माणसं येत होती. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा झाला तो २०१४ च्या १ ऑगस्टला. बी.ए. मराठीतून केलं होतं, नंतर शिक्षिकेची नोकरी मिळाली. वर्गात कारखान्यातल्या कामगारांची मुलं, कोळ्यांची, माच्छी समाजाची, आणि पाड्यांवरून चालत येणारी वारली मुलं. वारली मुलं मागच्या बाकांवर, गप्प. मी त्यांना "शांत स्वभावाची" म्हणायची. त्यांना माझी भाषा परकी वाटते म्हणून ती गप्प आहेत, हे मला कितीतरी वर्षं सुचलं नाही.

तर १९८७ चं गॅदरिंग. माझ्याकडे नाच बसवायचं काम होतं आणि मी "आदिवासी नृत्य" ठरवलं. आदिवासी जिल्ह्यात शाळा, मग ते हवंच, अशी माझी समजूत. सिनेमातल्या गाण्याची कॅसेट आणली. अशोकाच्या पानांचे झगे केले. क्रेप कागदाची पिसं डोक्याला बांधली. चेहऱ्यांना काळा रंग फासला. वर्गात सहावीतला एक वारली मुलगा होता. त्याला अर्थातच पहिल्या रांगेत घेतलं, "खराखुरा" म्हणून. तो पिसांकडे बघत हळूच म्हणाला, "बाई, आमी असा नाय घालत."

मी काय म्हणावं? "अरे, स्टेजवर असंच छान दिसतं."

त्याचे वडील तारपा वाजवतात असं कळलं, तेव्हा मला फारच आनंद झाला. सुरुवातीला दोन मिनिटं खरा तारपा, मग कॅसेट! वडिलांना निरोप पाठवला. ते आले, स्वच्छ पांढरा शर्ट घालून, तारपा फडक्यात गुंडाळून. त्या दिवशी पाहुणे अडीच तास उशिरा आले. ते कोण होते ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. चार वाजल्यापासून मुलं रंग लावून बसली होती. पहिली-दुसरीची पोरं भुकेनं रडून एकमेकांच्या अंगावर झोपली होती. आम्ही शिक्षक त्यांना गप्प करत होतो, फाटकाकडे बघत होतो आणि हाराची फुलं ताजी राहावीत म्हणून त्यांवर पाणी मारत होतो. मुलांना पाणी विचारायचं मात्र राहून गेलं.

मग आमचा नाच. ज्यांनी तारपा नाच पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, वाजवणारा मध्ये असतो आणि हातात हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फेर धरतात. तोंड त्याच्याकडे, पाठ करायची नाही. तो चाल बदलेल तशी पावलं बदलतात. मी मात्र मुलांना प्रेक्षकांकडे तोंड करून ओळीत उभं केलं होतं आणि त्या गृहस्थांना स्टेजच्या कोपऱ्यात, माइकजवळ. ते एकदा मुलांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना उभं कुठे राहावं तेच कळेना. मी विंगेतून हातानं खुणावलं, वाजवा, वाजवा. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मिनिटभर झालं असेल नसेल, कॅसेटवाल्यानं घाई केली आणि वरून सिनेमाचं गाणं सुरू झालं.

त्यांनी तारपा खाली घेतला. फडक्यात गुंडाळला. रागानं नाही, शांतपणे. आणि खाली उतरून गेले. नाच संपल्यावर पाहते तर त्यांचा मुलगा नळापाशी तोंड धूत होता. काळा रंग लवकर जात नाही. नंतर बापलेक अंधारात चालत गेले. आमच्या नाचाला मात्र टाळ्या खूप पडल्या. पाहुणे भाषणात म्हणाले की आदिवासी संस्कृती जपली पाहिजे!

सातवीनंतर त्या मुलानं शाळा सोडली. त्याचं कारण ते गॅदरिंगच होतं, असं मी म्हणणार नाही. पाड्यावरच्या मुलाला शाळा सोडायला कारणं पुष्कळ असतात. पण शाळेनं त्याला धरून ठेवावं असं आम्ही काय दिलं होतं, हा प्रश्न राहतोच.

आणि खेदाची गोष्ट अशी, की हे सगळं कसं करावं ते शिकायला जपानला जायची काही गरज नव्हती. बोईसरहून गाडीत बसलं की वाणगाव, डहाणू आणि मग घोलवड. तिथून कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. ताराबाईंनी उमेदीची वर्षं गुजरातेत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं, अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. वारल्यांच्या दृष्टीनं दोघी परक्याच. मुलं शाळेत येत नाहीत म्हणताना त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. शिकवण्याचं साहित्य म्हणजे बिया, शिंपले, खडे, पानं, जे मुलांच्या हाताशी होतं ते. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. आज देशभर जो "अंगणवाडी" हा शब्द चालतो, तो याच आमच्या भागातल्या अंगणात रुळला. ही सगळी माहिती मी परीक्षेला लिहिली होती, मार्कही मिळवले होते. पण १९८७ साली क्रेप कागद कापताना त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. परक्या शिक्षकाकडे एक गोष्ट असते, ती घरच्याकडे नसते. परका माणूस विचारतो. घरचा गृहीत धरतो. फलटणला मॅक्सिन बर्नसन आल्या, अमेरिकेतून. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी १९६६ मध्ये आल्या आणि तिथल्याच झाल्या, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था काढली, कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. ज्या काळात आपण आपल्या मुलांना मराठी शाळेतून काढत होतो, त्या काळात ही बाई मराठी शाळा बांधत होती. तिनं आधी मुलांची बोली ऐकली. उलट्या दिशेनं बघा. योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ मध्ये त्याच एडोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. पुढे २०२२ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. जपानी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक मराठी माणूस! त्यांना तिथे किती गोष्टी नव्यानं विचाराव्या लागल्या असतील.

आणि मी? मी वाईहून बोईसरला आले तेव्हा मीही परकीच होते. इथली बोली परकी, इथला समुद्र परका, पाडे परके. पण मी मराठी, मुलं मराठी शाळेतली, म्हणजे आपण घरचेच, असं मी धरून चालले आणि विचारायचं राहून गेलं. चौतीस वर्षं मी परकी शिक्षिका होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. तो लागला टोकियोत, नातवाच्या जेवणाच्या टेबलावर.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना जपानचं भलतंच कौतुक! तसं नाही. तिथलं सगळं गोड आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. हा उन्दोकाई मुळात जपानी नव्हेच. १८७४ साली टोकियोतल्या नौदलाच्या शाळेत इंग्रज शिक्षकांनी असे खेळ घेतले, तिथून त्याची सुरुवात धरतात. पुढे फ्रेडरिक स्ट्रेंज नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकानं विद्यार्थ्यांमध्ये मैदानी खेळ रुजवले. म्हणजे तोही परक्या शिक्षकांचाच वारसा. नंतर त्यात लष्करी कवायत शिरली. मुलं एका तालात पाय आपटत चालली तेव्हा कौतुकाबरोबर माझ्या अंगावर जरा काटाही आला होता. मुलांचे उंच मनोरे रचायची तिथे पद्धत होती. त्यात वर्षाला आठ हजारांवर मुलं जखमी व्हायला लागली, तेव्हा कुठे २०१६ मध्ये सरकारनं सूचना काढली, सुरक्षितता नसेल तर करू नका. आपल्या दहीहंडीची आठवण झाली. आणि सगळ्यांनी सारखंच वागायचं या शिस्तीत एखादं वेगळं पोर किती घुसमटत असेल, तेही मला दिसत होतं. सुरुवातीचे महिने नातूही शाळेतून आल्यावर रडायचा, असं सुनेनं नंतर सांगितलं.

पण तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहेच. त्यांनी परक्याकडून खेळ घेतला आणि तो मुलांच्या हातात दिला. आपणही परक्याकडून घेतलं. "गॅदरिंग" हा शब्दच सांगतो. कॉलेजातून ते शाळांत आलं. आपण त्याचं नाव स्नेहसंमेलन ठेवलं, पण दिलं मोठ्यांच्या हातात. पाहुणे मोठे, निवेदक मोठे, नाच बसवणारे मोठे, आता तर तेही बाहेरून पैसे देऊन आणलेले कोरिओग्राफर. कपडे भाड्याचे, गाणं सिनेमाचं, आणि आई-बाबा मोबाइल वर धरून उभे. मुलांचं त्यात काय असतं? तीन मिनिटं.

मी नोकरीत असताना सगळ्या अडचणी स्वतः भोगल्या आहेत, त्यामुळे आजच्या शिक्षकांना बोल लावायचा मला अधिकार नाही. पाहुणा मोठा लागतो, कारण त्याच्याकडून शाळेला पंखे मिळतात, संडास बांधून मिळतो. हे काही खोटं नाही. पालकांना आपलं मूल पहिल्या रांगेत हवं असतं. मुलांनी निवेदन केलं तर चुका होतात आणि चुका झाल्या की शाळेचं नाव जातं. शिक्षकांच्या डोक्यावर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. त्यातून गॅदरिंग पार पाडलं हेच पुष्कळ. सगळं मान्य. पण यातली कुठलीही अडचण असं सांगत नाही की लहान मुलांना अडीच तास उपाशी बसवा. कुठलीही अडचण असं सांगत नाही की कागदाची पिसं लावा. ते आपण आपल्या हौसेनं केलं.

गेल्या काही वर्षांत एक चांगलं झालं आहे. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. आता आमच्या पालघर जिल्ह्यात त्या दिवशी मिरवणुका निघतात, तारपा वाजतो, मुलं-मुली आपल्या कपड्यांत, आपल्या मनानं नाचतात. त्यात कुणी पिसं लावून "झिंगालाला" करत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं तर जपानपर्यंत गेली. त्यांच्या चित्रांत तो तारप्याचा फेर आहे. गोल, मध्ये वाजवणारा, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. मी ते चित्र दिनदर्शिकेवर वर्षानुवर्षं भिंतीवर लावलेलं होतं. बघत मात्र नव्हते.

असो. त्या शिक्षिकेचं पत्र टेबलावर होतं. दोन दिवस विचार केला आणि रविवारी रिक्षा करून पाड्यावर गेले. त्या मुलाकडे. मुलगा कसला, आता पन्नाशीचा गृहस्थ आहे. एमआयडीसीत वर्षानुवर्षं कंत्राटी कामाला होता, आता शेती आणि थोडंफार मजुरीचं काम करतो. अधूनमधून बाजारात भेटायचा, "बाई, बऱ्या ना?" विचारायचा. पण १९८७ चा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. मीच काढला नव्हता.

त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. वडील केव्हाच गेले. तारपा आहे, छताला टांगलेला. दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, ताडाच्या पानांचा कर्णा असलेला. त्याचा धाकटा मुलगा वाजवायला शिकतो आहे. मी म्हटलं, "अरे, त्या गॅदरिंगला मी चुकले. तुझ्या बाबांचा मान राखला नाही."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा सांगत, बाईंना ठाव नव्हता. कोणी सांगलाच नाय त्यांना."

मला म्हणावंसं वाटलं, अरे, तू सांगितलं होतंस की. पण म्हटलं नाही. तो माझी चूक झाकत होता, आणि ती झाकून घेण्याइतकी मी लहान झाले होते.

मग मी त्याला शाळेच्या पत्राचं सांगितलं. विचारलं, यंदा तुझा मुलगा वाजवेल का? स्टेजवर नीट मध्यभागी उभं करू, कॅसेट-बिसेट काही नाही. त्यानं मान हलवली. "स्टेजवर नको बाई. खाली मैदानात ठेवा. मग लोक बसतील आपणच गोल. आनि भात कापून झाला का मग, त्याच्या आधी नाय."

माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत ही सुधारणा आली नव्हती. मी त्याच्या वडिलांना मनातल्या मनात स्टेजच्या कोपऱ्यातून मधोमध आणलं होतं आणि वाटत होतं, झाली दुरुस्ती. स्टेजच काढून टाकायचं, हे त्यालाच सुचलं.

काल त्या शिक्षिकेला फोन केला. म्हटलं, अगं, येते मी. पण प्रमुख पाहुणी म्हणून नाही, प्रेक्षक म्हणून. माझ्यासाठी कार्यक्रम एक मिनिटही थांबवायचा नाही. निवेदन मुलांनी करायचं, चुकली तर चुकू देत. कोणताही नाच बसवण्याआधी ज्यांचा तो आहे, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. आणि खुर्च्या मुलांनी आपल्या आपण आणायच्या, आपण न्यायच्या. (टोकियोत शेवटी काय पाहिलं, ते सांगायचं राहिलं. हरलेल्या पांढऱ्या संघातली मोठी मोठी मुलं ढसाढसा रडत होती आणि रडत रडतच ओल्या फडक्यानं आपापल्या खुर्चीचे पाय पुसत होती, वर्गात माती जाऊ नये म्हणून.)

ती म्हणाली, "बाई, मुख्याध्यापकांना विचारून सांगते."

विचारू दे. नाही म्हणाले तरी मी रागावणार नाही, मीही अशीच विचारत असायची. भाताची कापणी झाली आहे, गॅदरिंगला अजून तीन आठवडे आहेत. मैदान तर शाळेला आहेच.